जुन्या ऑटोमॅटिक सिटीचं गिअरबॉक्स ऑइल आणि अॅडिटिव्ह : काही महिने चालवल्यानंतर

आधीच सांगून टाकतो, तेलाचे पैसे वसूल झाले. अॅडिटिव्हचे, म्हणजे तेलात वरून मिसळायच्या रसायनाचे, झाले असं म्हणवत नाही. ज्यांना तेवढंच हवं होतं त्यांनी इथे थांबलं तरी चालेल. ज्यांच्याकडे दहा-पंधरा वर्षं जुनी ऑटोमॅटिक आहे आणि ‘हात लावू की नको’ या विचारात जे अडकलेत, त्यांच्यासाठी पुढचं.

गाडी होंडा सिटी, 2010चं मॉडेल, दीड लिटर पेट्रोल, पाच गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला पोहोचवणारा भाग) ऑटोमॅटिक. मी दुसरा मालक. घेताना मीटर सव्वा लाखाच्या आसपास होता. आधीच्या मालकाने सगळी बिलं फाइल करून दिली होती. इंजिन ऑइल वेळच्या वेळी, ब्रेक ऑइल, कूलंट, सगळं होतं. गिअरबॉक्स ऑइलची नोंद मात्र एकाही बिलावर नाही.

तक्रारी तीन होत्या. गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी रिव्हर्स टाकल्यावर क्षणभर काहीच होत नसे आणि मग धप्पकन गिअर पडे. साताऱ्याकडे जाताना खंबाटकीच्या चढाला दुपारच्या उन्हात तिसरा-चौथा, तिसरा-चौथा अशी चुळबूळ चाले. आणि सगळ्यात त्रासदायक म्हणजे सपाट रस्त्यावर पन्नास-साठच्या वेगाला हलक्या पायाने चालवलं की रम्बल पट्टीवरून गेल्यासारखी बारीक थरथर येई. जरा जोरात एक्सिलरेटर दाबला की ती गायब व्हायची.

ही शेवटची थरथर ओळखीची आहे. टॉर्क कन्व्हर्टरच्या आत लॉक-अप क्लच असतो. गाडी एका वेगाला स्थिरावली की तो इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडतो, म्हणजे तेलातली घसरण थांबते आणि मायलेज वाचतं. हा क्लच अलगद बसावा म्हणून तेलात फ्रिक्शन मॉडिफायर (घर्षण हवं तेवढंच ठेवणारी रसायनं) घातलेले असतात. तेल जुनं झालं की ते संपतात आणि क्लच नीट न बसता पकडतो-सोडतो, पकडतो-सोडतो. तीच थरथर आपल्याला सीटमध्ये जाणवते. तेल म्हातारं होतं ते मुख्यतः उष्णतेने. तापमान साधारण दहा अंशांनी वाढलं की ऑक्सिडेशनचा वेग दुप्पट होतो, असा ढोबळ हिशेब आहे. शहरातल्या ट्रॅफिकमध्ये ‘डी’वर ब्रेक दाबून उभं राहणाऱ्या गाडीचं काय होत असेल ते यावरून समजा.

सल्ले मिळाले ते दोन टोकांचे. एका सर्व्हिस सेंटरने मशीन लावून पूर्ण फ्लश करू, म्हणजे सगळं जुनं तेल एकदम बाहेर ढकलून नवं भरू, म्हटलं. गल्लीतला मेकॅनिक म्हणाला, “साहेब, चालतंय तोवर हात लावू नका. तेल बदललं की गिअरबॉक्स बसतो.” त्याची भीती अगदीच हवेतली नाही. ज्या गाडीच्या क्लच प्लेट आधीच जळाल्या आहेत, ती जुन्या तेलात तरंगणाऱ्या घर्षणाच्या चुऱ्यावर कशीबशी पकड धरून असते. नवं स्वच्छ तेल गेलं की घसरायला लागते आणि बिल तेलाच्या नावावर फाटतं. गिअरबॉक्स तसाही जाणारच असतो, महिन्याभरात नाही तर सहा महिन्यांत. मशीनच्या फ्लशने वर्षानुवर्षांचा गाळ एकदम सुटून सोलेनॉइडच्या (तेलाची वाट उघडणाऱ्या-मिटणाऱ्या विजेवरच्या व्हॉल्व्हच्या) बारीक जाळ्यांत अडकण्याची शक्यता असते, हेही खरं.

म्हणून मधला रस्ता घेतला. होंडाच्या या गिअरबॉक्सला खाली पॅन (तेल साठणारी, खोलता येणारी तळाची थाळी) नसतो. फिल्टर आत असतो, गिअरबॉक्स उघडल्याशिवाय तो निघत नाही. (पॅनवाल्या गाड्यांत पॅन उतरवून फिल्टर आणि गॅस्केट बदलणंच शहाणपणाचं.) ड्रेन प्लग काढला की साधारण अडीच लिटर तेल निघतं. एकूण क्षमता साडेपाच ते सहा लिटरच्या मधली, त्यामुळे निम्म्याहून जास्त तेल टॉर्क कन्व्हर्टर आणि मधल्या वाटांमध्ये तसंच राहतं. एकदा बदललं तर नवं तेल होतं चाळीस-पंचेचाळीस टक्के. मध्ये गाडी चालवून दुसऱ्यांदा काढलं-भरलं की अडुसष्टच्या आसपास, आणि तिसऱ्यांदा ऐंशीच्या वर. मी तीन वेळा केलं, प्रत्येक वेळी मध्ये दोनेक आठवडे रोजच्यासारखी गाडी चालवून.

पहिल्यांदा प्लग काढला तेव्हा मी रॅम्पखाली उभा होतो. तेल चहाच्या कोऱ्या काढ्याच्या रंगाचं निघालं. नव्या तेलाच्या लाल रंगाचा मागमूस नव्हता, पण करपट वास नव्हता, आणि माझ्या दृष्टीने तेच महत्त्वाचं. जळका वास आला असता तर तिथेच थांबलो असतो. प्लगच्या टोकाला चुंबक असतं, त्यावर करड्या रंगाचा दाट लेप होता. बोटांत चोळला तर लोण्यासारखा मऊ, खरखर अजिबात नाही. हे क्लच आणि गिअरचं नेहमीचं झिजणं. चकचकीत पापुद्रे किंवा टोचणारे कण मिळाले तर मात्र तेलाच्या बाटल्या परत करा आणि गिअरबॉक्सवाल्याचा नंबर शोधा. तिसऱ्या वेळी याच चुंबकावर पुसटसा थर होता आणि निघालेलं तेल बाटलीत धरल्यावर पलीकडचं दिसत होतं.

निघालेलं तेल पाण्याच्या लिटरच्या रिकाम्या बाटल्यांत मोजलं आणि तेवढंच भरलं. प्लगचा अॅल्युमिनियम वॉशर दर वेळी नवा. लेव्हल बघायची पद्धत इंजिन ऑइलसारखी नाही. गाडी सपाट जागेवर, इंजिन तापून रेडिएटरचा पंखा दोनदा लागेपर्यंत चालू ठेवायचं, मग बंद करून साठ ते नव्वद सेकंदांच्या आत डिपस्टिक बघायची. थंड गाडीवर बघून ‘कमी आहे’ म्हणत ओतणारे बरेच भेटतात. तेल जास्त झालं तर फेसाळतं आणि फेसाला प्रेशर धरता येत नाही.

तेल कोणतं, यावर वाद घालू नका. या गाडीत मुळात झेड-1 होतं. 2011च्या सुमारास होंडाने त्याच्या जागी डीडब्ल्यू-1 आणलं, ते जुन्यात मिसळलेलं चालतं. मी तेच घातलं. “सगळी लाल तेलं एकच” म्हणणाऱ्या दुकानदाराला नमस्कार करून निघा. 2014पासूनच्या सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेली, पट्ट्यावर चालणारी ऑटोमॅटिक) सिटीला हे तेल चालत नाही, तिला एचसीएफ-2 लागतं. आणि एएमटीवाल्यांचा या लेखाशी संबंधच नाही, त्यांचा गिअरबॉक्स मुळात मॅन्युअलच असतो, फक्त क्लच आणि गिअर यंत्रणा आपोआप चालवते.

फरक हळूहळू कळला. पहिल्या बदलानंतर मनाला बरं वाटलं, एवढंच. दुसऱ्यानंतर रिव्हर्सची वाट बघणं संपलं. थरथर तिसऱ्यानंतरही लगेच गेली नाही, कमी होत होत गेली आणि एक दिवस बायकोच म्हणाली, “आता ते घुर्रघुर्र येत नाही हो.” खंबाटकीला आता गाडी चौथ्यावरून तिसऱ्यावर येते आणि तिथे राहते. मायलेज वाढलं असं लोक सांगतात, माझ्या टाकीला ते दिसलेलं नाही. तीन वेळचं तेल, वॉशर, मजुरी धरून दहा हजारांच्या आत खर्च आला.

अॅडिटिव्ह मुद्दाम नंतर घातलं, तीनेक महिन्यांनी. दोन्ही एकदम घालून ‘अॅडिटिव्हने जादू केली’ म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. या बाटल्यांत साधारण दोन प्रकारचा माल असतो. एक फ्रिक्शन मॉडिफायर, थरथरीसाठी. दुसरा रबरी सील मऊ करून किंचित फुगवणारा, गळतीसाठी. पहिल्याचा इतिहास मजेदार आहे. पूर्वी अमेरिकेत या कामासाठी गिअरबॉक्स ऑइलमध्ये स्पर्म व्हेलचं तेल घालत. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला त्यावर बंदी आली आणि कंपन्यांना पर्याय शोधावे लागले. त्यात होहोबाच्या बियांच्या तेलापर्यंत मजल गेली. पण हे सगळं आता चांगल्या तेलात आधीच असतं. त्यात वरून आणखी घातलं तर क्लच जास्तच गुळगुळीत होऊन घसरू शकतो, म्हणून बाटलीवर लिहिलेल्या मात्रेच्या वर एक थेंबही नको.

माझं कारण दुसऱ्या प्रकारचं होतं. डाव्या एक्सलच्या सीलपाशी ओल दिसत होती. अॅडिटिव्हची ट्यूब घातल्यावर काही आठवडे ती सुकल्यासारखी झाली, मी खूशही झालो. पावसाळा संपता संपता पुन्हा ओल आली. शेवटी एक्सल काढून सील बदललं. सील काही शे रुपयांचं, मजुरी त्याहून जास्त, आणि काम अर्ध्या दिवसाचं. गिअर बदलण्यात अॅडिटिव्हमुळे चांगला-वाईट काहीच फरक जाणवला नाही. लांबच्या प्रवासाला निघायचंय, सील मिळत नाही, तेव्हा तात्पुरती सोय म्हणून ठीक. सील कडक होऊन तडकलं असेल तर तेवढाही उपयोग नाही.

आता दर तीस-पस्तीस हजार किलोमीटरला एकदा अडीच लिटर काढायचं आणि भरायचं, असं ठरवलंय. काढलेलं तेल गॅरेजवाला ड्रममध्ये साठवून वापरलेलं तेल नेणाऱ्याला देतो का, हे एकदा विचारून घ्या. गटारात ओतणारे अजून आहेत.

एक गोष्ट मात्र सुटलेली नाही. डिसेंबरच्या थंडीत गाडी नुकतीच काढलेली असताना दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना एक बारीक गचका अजून येतो. तेल स्वच्छ आहे, लेव्हल बरोबर आहे, त्यामुळे संशय इंजिन माउंटवर, म्हणजे इंजिन धरून ठेवणाऱ्या रबरी आधारावर, आहे. पुढच्या सर्व्हिसला उजवीकडचा माउंट आधी बघणार आहे, त्याचं रबर चिरलेलं वरूनही दिसतं.