सनबोर्ड, एमडीएफ आणि पुठ्ठा : अकरा महिने वापरलेले फलाट

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या मॉडेल रेल्वेच्या स्टेशनाला तीन फलाट बांधले. एक नंबरचा सनबोर्डचा (हलका, फोमसारखा प्लॅस्टिकचा बोर्ड), दोन नंबरचा एमडीएफचा (लाकडाचा लगदा दाबून केलेली पाटी) आणि मालधक्का पुठ्ठ्याचा. प्रयोग म्हणून वेगवेगळा माल घेतला असं मी लोकांना सांगतो. खरं म्हणजे सनबोर्ड एका फलाटातच संपला आणि सुट्टी उरली होती, म्हणून घरात जे सापडलं ते वापरलं. बांधले तेव्हा तिघांत डावं-उजवं करता येत नव्हतं. आता नवरात्र आलं. मध्ये डोंबिवलीचा एक मे महिना आणि एक अख्खा पावसाळा गेला. आज खोलीत शिरल्या शिरल्या कळतं, कुठला फलाट कशाचा आहे ते.

आधी मांडणी सांगतो. भिंतीलगत आठ फूट लांब, दोन फूट रुंद प्लायची फळी, एका टोकाला काटकोनात वळलेली. प्रमाण एचओ, म्हणजे १:८७. स्टेशनाचं नाव 'सासुरवाडी रोड'. खऱ्या स्टेशनाचं नाव दिलं की पाहुणे येऊन "अहो, पादचारी पूल त्या अंगाला आहे" असं सांगायला लागतात. तो अनुभव एकदा घेतला, पुरे झाला. पाटी मात्र रीतसर पिवळी, काळ्या अक्षरांत मराठी, हिंदी, इंग्रजी. बायकोने ती वाचली आणि काही न बोलता चहा ठेवून गेली.

फलाट उंच ठेवायचा की रुळाच्या पातळीचा, हे ठरवताना गेजचा, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराचा, विचार केला होता. एचओचा रूळ १६.५ मिलिमीटरचा. हा हिशेब १४३५ मिमीच्या स्टँडर्ड गेजचा. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिमी. त्याला ८७ ने भागलं तर १९.३ यायला हवेत. १६७६ मिमी म्हणजे बरोबर साडेपाच फूट. माझ्या मुलीने साडेपाच फुटी माणसाची बाहुली रुळावर आडवी ठेवून दाखवली, ती दोन्ही बाजूंनी दीड-दीड मिमी बाहेर आली. म्हणजे माझी गाडी धाकट्या भावाच्या चपला घालून फिरते. पण फलाट उंच असला आणि तुम्ही फलाटाच्या बाजूने बघत असलात, तर चाकं दिसतच नाहीत. उंच फलाट निवडण्यामागचं निम्मं कारण हेच होतं.

आपल्याकडे ब्रॉडगेजच्या उंच फलाटाची उंची रुळाच्या माथ्यापासून ७६० ते ८४० मिमी असते. १:८७ मध्ये हे पावणेनऊ ते साडेनऊ मिमीच्या आसपास येतं. इथे माझी पहिली चूक झाली होती, दिवाळीच्याही आधी. मी ही उंची फळीपासून मोजली. पण रुळाखाली ३ मिमी कॉर्क, त्यावर स्लीपर आणि रूळ मिळून साधारण ५ मिमी. म्हणजे फळीपासून फलाट १७ मिमी हवा. माझा पहिला नमुना रुळाच्या माथ्यापेक्षा जेमतेम मिमीभर वर आला होता आणि प्रवासी जणू विहिरीतून गाडीकडे बघत होते. १७ चा हिशेब १०, ५ आणि २ मिमीचे थर एकावर एक ठेवून नेमका जमतो, हे सनबोर्ड घ्यायचं पहिलं कारण.

दुसरं कारण, सनबोर्ड जवळपास फुकट मिळतो. फ्लेक्स छापणाऱ्या दुकानात तुकड्यांचा ढीग असतो. माझ्या एक नंबरच्या फलाटाच्या पोटात एका भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा आहेत, फोटोसकट. कटरने दोन-तीन हात मारले की तुकडा सरळ निघतो, भुसा नाही, करवत नाही. रंगवण्याआधी बारीक पॉलिश पेपर मारावाच लागतो, नाहीतर अ‍ॅक्रिलिकचा रंग नखाने सोलून निघतो. वरची शहाबादी फरशी मी लेझर प्रिंटवर छापून आणली. दोन फुटी फरशी म्हणजे सात मिमीचा चौकोन. फरशीच्या रेषा वर बोथट सुईने एकदा दाबून घेतल्या की उजेड तिरका पडताच सांधे दिसतात. अकरा महिन्यांत ना शाई उतरली, ना कागद उचलला गेला.

पण सनबोर्ड निर्दोष नाही, आणि हे मला मे महिन्यात कळलं. दीड मीटरचा अखंड फलाट मी डिसेंबरच्या थंडीत फळीला सबंध लांबीवर चिकटवला होता. हे प्लॅस्टिक उन्हाळ्यात वाढतं. पहाटेचे सतरा-अठरा अंश आणि मेच्या दुपारचे पस्तीस, एवढ्या फरकाला दीड मीटरमागे दीड मिमीच्या आसपास वाढ होते. खालचा प्लाय तेवढा वाढत नाही. जागा नाही म्हटल्यावर फलाट मधोमध उचलला गेला. चहाच्या स्टॉलपाशी चांगली टेकडी तयार झाली. मग तो सरळ कापून पन्नास सेंटीमीटरचे तीन तुकडे केले, मध्ये मिमीभर फट ठेवली आणि चिकटवण्याऐवजी प्रत्येकी दोन स्क्रू मारले. फटी शेडच्या खांबांच्या रेषेत आणल्या, त्यामुळे त्या सांधे वाटतात. रुळांमध्ये फट ठेवायची हे शाळेत शिकलो होतो. फलाटात ठेवायची हे कोणी सांगितलं नव्हतं.

आता दोन नंबर. दोन नंबरचा फलाट बांधताना मी फार खूश होतो. एमडीएफ जड, सपाट, कडा काटेकोर; सुताराकडून कापून आणला, दिव्यांच्या वायरींसाठी खालून खाच मारून घेतली. वरून रंगवला, समोरची बाजू जांभ्याच्या चिऱ्यांसारखी दाखवली. खालची बाजू आणि मागची कड तशीच कोरी सोडली, कारण ती दिसत नाही. जुलैत आमच्या त्या खोलीची भिंत घाम गाळते. एमडीएफने तो सगळा प्यायला. कडा फुगल्या, दोन पाट्यांच्या सांध्यावर उंचवटा आला, आणि समोरची कड रुळाकडे जेमतेम अर्धा मिमी सरकली. अर्धा मिमी म्हणजे काय, असं वाटेल. खऱ्या रेल्वेत फलाटाची कड रुळाच्या मध्यापासून १६७० मिमीवर आणि आपल्या आयसीएफ, म्हणजे जुन्या धाटणीच्या, डब्याची अर्धी रुंदी १६२२ मिमी. १:८७ मध्ये या दोघांमधली फट अर्ध्या मिमीच्या आसपासच उरते. ती तशीच ठेवणं घरच्या रुळावर शक्य नाही, म्हणून मी सरळ भागात मध्यापासून २० मिमी ठेवले होते. जुलैत डब्यांच्या पायऱ्या फलाटाला घासायला लागल्या. आवाज असा, की मांजर दार ओरबाडतंय.

वळणावर तर हे गणितच वेगळं होतं. दोन नंबरचं शेवटचं टोक ६०० मिमी त्रिज्येच्या वळणावर जातं. डबा वळणावर वाकत नाही. त्याचं पोट आत येतं आणि टोकं बाहेर जातात. आयसीएफ डब्याच्या दोन बोगींमधलं (बोगी म्हणजे डब्याखालचा चाकांचा गाडा) अंतर १:८७ मध्ये १७० मिमी. त्याचा वर्ग करून त्रिज्येच्या आठपटीने भागा, सहा मिमी येतात. इतकं पोट आत येणार. एलएचबी, म्हणजे नव्या धाटणीचा, डबा लांब आहे, १:८७ मध्ये २७० मिमी, त्यामुळे त्याची टोकं याच वळणावर नऊ मिमीपर्यंत बाहेर जातात. मी हे सगळं आयसीएफवर मोजून बांधलं आणि फेब्रुवारीत एलएचबीचा एक डबा घेतला! गणित नको असेल तर साधा उपाय आहे. तुमच्याकडचा सगळ्यात लांब डबा घ्या, त्याच्या मधल्या भागाला आणि एका टोकाला पेन्सिली चिकटपट्टीने बांधा, टोक फळीला टेकेल अशा, आणि डबा हाताने ढकला. फळीवर उमटलेल्या रेघेच्या बाहेर दोन मिमी सोडून फलाट बांधा. मी आता खरेदी करण्याआधी पेन्सिल फिरवतो, नंतर नाही.

एमडीएफ वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. कोरड्या गावात, किंवा सहाही बाजूंना सँडिंग सीलरचे दोन हात देऊन, तो छान टिकेल. विशेषतः कापलेल्या कडा. पाणी तिथूनच आत जातं. मी आळस केला, त्याची शिक्षा मला मिळाली. पण समुद्राच्या इतक्या जवळ राहणाऱ्याने पुन्हा या वाटेला जाऊ नये, असं माझं मत झालंय.

पुठ्ठ्याच्या मालधक्क्याबद्दल फार अपेक्षा नव्हती, आणि त्यानेच चकित केलं. ग्रे बोर्डची पेटी, आत दर तीन सेंटीमीटरवर आडवी फासळी. वाकला नाही, फुगला नाही. बिघडलं ते दुसरंच. विटांचा कागद घरच्या इंकजेटवर छापला होता, तो ऑगस्टमध्ये लालसर धूसर झाला, जणू धक्क्यावर गुलाल सांडलाय. आणि आजीच्या पद्धतीने मैद्याची खळ वापरली होती, तिच्यावर कसर आली. मागचा कागद जाळीदार झालाय. रंगाऐवजी कागद चिकटवणाऱ्यांनी खळ वापरू नये, आणि प्रिंट झेरॉक्सच्या दुकानातून लेझरवरच काढून घ्यावी. थर्माकोलचा विचार मी केला नव्हता. राज्यात २०१८ च्या बंदीनंतर गणपतीच्या मखरांतून तो गेला, आणि एरवीही स्प्रेचा रंग किंवा रबरी गोंद लागला की तो विरघळून जातो.

एक गोष्ट तिन्ही फलाटांना समान नडली, तिचा मालाशी संबंध नाही. रूळ पुसायला मी आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतो. फडक्याचं टोक दर वेळी फलाटाच्या कडेला लागतं, आणि अल्कोहोल अ‍ॅक्रिलिक रंग मऊ करतं. दोन महिन्यांत कडेची पिवळी पट्टी पुसट झाली, मुलगी म्हणाली, "खऱ्या स्टेशनवर पण अशीच असते, राहू दे." राहू दिली. पण जांभ्याचा रंग गेला तेव्हा मला वाईट वाटलं. आता पुसताना रूळ आणि फलाट यांच्यामध्ये जुन्या लग्नपत्रिकेचा तुकडा उभा धरतो.

उताराबद्दल एवढंच, की फलाटाचं टोक सहास एकपेक्षा जास्त चढाचं करू नका. म्हणजे नऊ मिमी उंचीला साडेपाच सेंटीमीटर लांबी. जागा वाचवायला मी तीन सेंटीमीटरमध्ये उरकलं होतं आणि ती घसरगुंडी दिसत होती. लांबीच्या बाबतीत मात्र तडजोड करायलाच लागते. हुबळीचा १५०७ मीटरचा फलाट एचओमध्ये सव्वासतरा मीटर होईल, म्हणजे माझ्या खोलीतून निघून शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात पोचेल. माझ्या दीड मीटरमध्ये एक इंजिन आणि पाच आयसीएफ डबे मावतात. पॅसेंजरला पुरेसे आहेत.

आणखी एक. फलाट काढता आला पाहिजे. दोन नंबरखाली रूळ बदलणाऱ्या काट्याच्या मोटरची वायर सुटली तेव्हा तो गोंदाने चिकटलेला होता, आणि पटाशीने उचकटताना चार प्रवासी आणि एक बाकडं गेलं. खाली पालीची दोन अंडी मिळाली, तीही उचलून गॅलरीतल्या कुंडीत ठेवावी लागली. आता एक नंबरला स्क्रू आहेत, मालधक्क्याला चुंबकं. चुंबकं जास्त सोयीची, पण लोखंडी स्क्रूचा डबा जवळ ठेवला की मालधक्का आपणहून प्रवासाला निघतो.

दोन नंबर या दिवाळीत उखडणार आहे. सगळा सनबोर्डचा, पन्नास-पन्नास सेंटीमीटरच्या तुकड्यांत, वळणावर पेन्सिलीच्या रेघेबाहेर. परवा फ्लेक्सच्या दुकानात १० मिमीचे तुकडे विचारले. दुकानदार म्हणाला, "थोडं थांबा काका, निवडणुका येतायत. लागेल तेवढे घेऊन जा."