इंग्रजी लेखनाचे विश्लेषण करणारे सॉफ्टवेअर : काही महिन्यांच्या वापरानंतर

इंग्रजी उताऱ्याचा सूर, लेखकाची विश्वासार्हता आणि युक्तिवादाची बांधणी तपासणारे हे सॉफ्टवेअर मी विद्यार्थ्यांच्या निबंधांसाठी गेले काही महिने वापरते आहे. गुणफलक आणि रंगीत अधोरेखने वापरणाऱ्यांना ठाऊकच आहेत. वार्षिक वर्गणीच्या नूतनीकरणाची सूचना आली आणि त्याच सुमारास एका दोषावरून ग्राहक-सेवेशी वाद झाला, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

दोष असा की ‘मे’ (may), ‘परहॅप्स’ (perhaps), ‘सीम्स’ (seems) यांसारखा दाव्याला मर्यादा घालणारा कोणताही शब्द दिसला की सॉफ्टवेअर सुराचे गुण कमी करते आणि तो शब्द काढून टाकण्यास सुचवते. पडताळणीसाठी मी वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएच्या रचनेवरील १९५३ चा शोधनिबंध त्यात घातला. जनुकीय द्रव्याची नक्कल होण्याची एक ‘शक्य’ यंत्रणा या रचनेतून सूचित होते, असे त्यात म्हटले आहे. नेमका तो ‘पॉसिबल’ अनावश्यक ठरवण्यात आला. वास्तविक त्या वेळी नक्कल कशी होते याचा प्रायोगिक पुरावा हाती नव्हता. मेसेल्सन आणि स्टाल यांच्या प्रयोगाने तो १९५८ मध्ये मिळाला. म्हणजे तो एक शब्द गाळला असता, तर वाक्य ठाम झाले असते आणि त्याच क्षणी पुराव्याच्या पुढे गेले असते. १९५८ मध्येच तत्त्वज्ञ स्टीफन टूलमिन यांनी मांडलेल्या युक्तिवादाच्या आराखड्यात दावा, पुरावा आणि गृहीतक यांच्याबरोबर दाव्याची मर्यादा हाही स्वतंत्र घटक आहे. सॉफ्टवेअर मात्र त्या घटकाला सुरातील दुबळेपणा समजते. हे सर्व कळवल्यावर ‘आत्मविश्वासपूर्ण लेखन वाचकाला भावते’ असे साचेबंद उत्तर आले, याचा मला मनस्वी राग आला.

जोनाथन स्विफ्ट यांच्या १७२९ च्या ‘अ मॉडेस्ट प्रपोजल’ या उपरोधिक निबंधालाही विश्वासार्हतेचे भरघोस गुण मिळाले. गरिबांची मुले श्रीमंतांना खाद्य म्हणून विकावीत, असे सुचवणारा त्यातील निवेदक १,२०,००० मुलांचा हिशेब शांतपणे मांडतो आणि एका जाणकार परिचिताचा हवालाही देतो. उपरोध हुकणे मी समजू शकते, कारण नवखा वाचकही तेथे चकतो. पण निवेदकाचा थंड सूर आणि आकडेमोड यांवरच गुण दिले जात असतील, तर विश्वासार्हतेचा गुणफलक बंद ठेवण्याची सोय हवी.

एवढे होऊनही माझे मत पूर्ण प्रतिकूल राहिले नाही. युक्तिवादाचा विभाग सुरुवातीला मी जवळजवळ दुर्लक्षिला होता. तेथे प्रत्येक दाव्याखाली ‘या पुराव्यावरून हा निष्कर्ष कोणत्या गृहीतकामुळे निघतो?’ असा प्रश्न येतो आणि उत्तराची जागा रिकामी असते. सॉफ्टवेअर ती स्वतः भरत नाही, ही त्याची सर्वांत मोठी खुबी आहे. ‘मोबाइल आल्यानंतर वाचन घटले, म्हणून ते मोबाइलमुळेच घटले’ असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला तेथे ‘नंतर घडले ते त्यामुळेच घडले’ हे गृहीतक स्वतःच्या हाताने लिहावे लागते, आणि लिहिताच बहुतेक जण मागे जाऊन दावा सौम्य करतात. त्यावर सुराचा फलक त्यांचे गुण कापतो, ही विसंगती मला असह्य होते.

वार्षिक वर्गणी मी रद्द केली आहे. तिच्या मोबदल्यात तीन विभाग मिळतात आणि मला त्यांतील एकच हवा आहे. युक्तिवादलेखनाचा घटक शिकवायचा असेल त्या महिन्यांपुरती मासिक वर्गणी घेईन, आणि सुराचे गुण विद्यार्थ्यांना दाखवणार नाही.