नॉन-बीटी सरकी: वेगळं पाकीट की मिसळलेलं बी?

हिंगणा-काटोलकडच्या पऱ्हाटीत (कपाशीत) बीटीसोबत, म्हणजे बोंडअळीला मारणारं विष स्वतःच तयार करणाऱ्या कपाशीसोबत, साधी नॉन-बीटी झाडं लावायची ती अळीच्या जनुकांसाठी. बीटी खाऊन जगलेल्या मोजक्या पतंगांना त्यांच्यासारखाच जोडीदार मिळाला, तर पुढची पिढी अख्खी प्रतिकारक. नॉन-बीटीवरचे साधे पतंग भरपूर असले की संकर होतो. संकरित अळीकडे प्रतिकाराचं जनुक एकेरी. ते सहसा अप्रभावी (एकेरी असलं तर गुण दाखवत नाही), म्हणून ती बीटीवर मरते.

जुनी पद्धत: 450 ग्रॅम बीटीसोबत 120 ग्रॅम नॉन-बीटीचं वेगळं पाकीट, पेरणी धुऱ्याकडेनं. शास्त्र म्हणून हीच सरस. पण ते पाकीट बहुधा गोठ्यातच पडून राहायचं!

नवी पद्धत: 475 ग्रॅमच्या पाकिटात 5 ते 10 टक्के नॉन-बीटी मिसळलेलंच. टाळायची सोय नाही. अडचण परागीभवनाची. शेजारच्या बीटीचे परागकण येऊन नॉन-बीटी बोंडातल्या काही सरक्या अळीसाठी विषारी होतात, काही साध्या. हिरव्या बोंडअळीला तर झाडं बदलत विषाची अर्धवट मात्रा पचवता येते. गुलाबी अळी मात्र बोंडातच राहते, म्हणून तिच्यासाठी मिश्रण त्यामानानं चालतं.

तरी फरदड ठेवली (वेचणी आटोपल्यावरही तीच पऱ्हाटी पुढे चालू ठेवली) तर दोन्ही पद्धती वाया. गुलाबी अळीला जादा पिढ्या मिळतात, आणि प्रतिकारक अळ्यांची निवड तेवढ्याच वेळा होते.