महारेरा पोर्टल: माहिती भरपूर, पण शोधावी लागते

रखडलेल्या इमारतीत सगळ्यात जास्त पोळतो तो तळमजल्याचा गाळा घेतलेला दुकानदार. भांडवल अडकतं आणि धंदाही सुरू होत नाही. त्यामुळे फ्लॅट असो वा गाळा, टोकन देण्याआधी महारेराचं, म्हणजे राज्यातल्या बांधकाम प्रकल्पांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचं पोर्टल उघडाच. सेवा फुकट आहे.

जाहिरातीतला 'पी'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक टाका. आधी पूर्णत्वाची मूळ तारीख आणि मुदतवाढ शेजारी ठेवून बघा. बिल्डर तोंडी सांगतो ती तारीख बहुतेकदा तिसरीच असते. मग फॉर्म १, २ आणि ३, म्हणजे आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि सीए यांचे दाखले. फॉर्म ३ मध्ये खर्च बराच झालेला आणि फॉर्म १ मध्ये काम जेमतेम प्लिंथपर्यंत (जोत्यापर्यंत), असं दिसलं तर थांबा. ग्राहकांचे ७० टक्के पैसे वेगळ्या खात्यात ठेवायचे असतात आणि ते कामाच्या प्रमाणातच काढता येतात.

मंजूर नकाशात तुमचा गाळा 'दुकान' म्हणूनच दाखवलाय ना, हेही तपासा. पार्किंगच्या जागेत काढलेले गाळे पुढे परवान्याला अडतात.

खटकणारी गोष्ट म्हणजे स्कॅन केलेले, तिरपे, अस्पष्ट नकाशे. मोबाईलवर तर वाचताच येत नाहीत, संगणकच हवा. शिवाय बरीचशी माहिती बिल्डरनेच भरलेली असते, म्हणून साईटवर चक्कर मारावीच लागते. ५०० चौ.मी.पर्यंतचा भूखंड किंवा ८ पर्यंत युनिटं असलेले प्रकल्प इथे सापडतीलच असं नाही; त्यांना नोंदणीची सक्ती नाही.

करार नोंदवण्याआधी १० टक्क्यांहून जास्त रक्कम मागितली, तर सरळ नाही म्हणा. रेरा कायद्याचं कलम १३ तेच सांगतं.