पोर्शे ९४४ की पहिली एमएक्स-५: कोणत्या जुन्या इंजिनाची देखभाल तुम्हाला झेपेल?

ब्रिटन, जर्मनी किंवा अमेरिकेत राहून, सुट्टीच्या दिवशी हात काळे करायच्या तयारीने जुनी स्पोर्ट्स कार शोधायला लागलं की ही दोन नावं हमखास समोर येतात: पोर्शे ९४४ आणि पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५. भारतात या दोन्ही गाड्या अधिकृतपणे कधी विकल्या गेल्या नाहीत, म्हणून हा आढावा परदेशातल्या मराठी वाचकांसाठी. इथे तुलना फक्त इंजिनाची: ९४४चं ८ व्हॉल्व्हचं २.५ लिटर आणि १९८९ सालच्या एमएक्स-५चं १.६ लिटर.

दोन्ही चार सिलिंडरची, दोन्हींचा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) रबरी टायमिंग बेल्टवर चालतो. पण हेळसांड झाली तर दोघींचा दंड फार वेगळा आहे, आणि निर्णय आमच्या मते त्यावरच व्हावा.

बेल्ट तुटला तर

एमएक्स-५च्या १.६ इंजिनात बेल्ट तुटल्यावर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांना भिडत नाहीत. गाडी रस्त्यात बंद पडते, टो करून घरी आणायची, नवा बेल्ट घालायचा. ९४४मध्ये मात्र व्हॉल्व्ह वाकतात. मग हेड उतरवणं, व्हॉल्व्ह बदलणं, गाइड तपासणं आलं, आणि स्वस्तात मिळालेल्या गाडीच्या किमतीइतका खर्च त्यातच होऊ शकतो.

म्हणून ९४४चा बेल्ट बदलायची मुदत सुमारे ४८,००० किलोमीटर किंवा तीन-चार वर्षं, यातलं जे आधी येईल ते पाळतात. गाडी नुसती गॅरेजमध्ये उभी असली तरी वर्षं मोजायचीच, कारण रबर वयानेही म्हातारं होतं. एमएक्स-५ला सुमारे ९६,००० किलोमीटर चालतात.

९४४च्या कामात एक बेल्ट बदलून भागत नाही. बॅलन्स शाफ्टचा (इंजिनाची थरथर कमी करणाऱ्या दांड्यांचा) दुसरा बेल्ट असतो. तो तुटला तर इंजिन फक्त थरथरेल असं वाटतं, पण त्याचे तुकडे टायमिंग बेल्टमध्ये अडकले की तोही जातो. वॉटर पंप टायमिंग बेल्टच्या पाठीवर फिरतो, त्यामुळे पंपाचं बेअरिंग जाम झालं तरी बेल्ट गेला. दोन्ही बेल्ट, रोलर, वॉटर पंप आणि पुढचे ऑइल सील (क्रँक म्हणजे पिस्टननी फिरणारा मुख्य दांडा, कॅम, दोन्ही बॅलन्स शाफ्ट) एकदमच बदला. जुना सील ठेवून नव्या बेल्टवर तेल पडू देणं म्हणजे सगळी मेहनत वाया. क्रँकचा बोल्ट २१० न्यूटन-मीटरला आवळायचा असल्याने फ्लायव्हील अडवायचं हत्यार लागतंच. बॅलन्स बेल्ट आणि त्याच्या आयडलर रोलरमध्ये ०.५ मिलिमीटर फट हवी. रोलर बेल्टला टेकला की इंजिनातून शिट्टीसारखा आवाज येतो. ताण थंड इंजिनावरच मोजायचा, आणि नवा बेल्ट दोन-तीन हजार किलोमीटर चालल्यावर पुन्हा तपासायचा. ही दुसरी तपासणी बरेच जण टाळतात. टाळू नका.

एमएक्स-५चं काम घराच्या अंगणात एका दिवसात होतं. इनटेक कॅमच्या पुलीवर आय आणि एक्झॉस्टच्या पुलीवर ई अशी खूण असते. खुणा जुळवून बेल्ट चढवल्यावर दोन्ही खुणांमध्ये बेल्टचे १९ दात मोजून घ्या. मग क्रँक हाताने घड्याळाच्या दिशेने एक पूर्ण आणि पाच षष्ठांश फेरा फिरवून टेन्शनर सैल करा, ताण स्प्रिंगलाच देऊ द्या, बोल्ट आवळा. आणखी दोन पूर्ण आणि एक षष्ठांश फेरे फिरवून खुणा पुन्हा पाहा. पाना मध्येच अडल्यासारखा वाटला तर जोर लावू नका, खुणा चुकल्या आहेत का ते बघा.

एमएक्स-५चा एकच मोठा धोका

१९८९ ते १९९१च्या सुरुवातीपर्यंतच्या गाड्यांत क्रँकशाफ्टचं पुढचं टोक आखूड आहे. बेल्टच्या कामानंतर बोल्ट नीट आवळला गेला नाही की पुलीला क्रँकवर पक्की धरणारी चावी (धातूचा छोटा तुकडा) खाचेत हलायला लागते, खाच रुंदावते, पुली डगमगते, कॅमचं टायमिंग मागे पडतं आणि गाडीची ताकद जाते. ओळखायची खूण सोपी आहे: पुढच्या पुलीवर चार खाचा असतील तर आखूड टोक, आठ असतील तर नंतरचं, सुधारलेलं. चार खाचांची गाडी बाद नाही, पण इंजिन चालू ठेवून पुली डोलते का ते नक्की पाहा. डोलत असेल तर क्रँक किंवा अख्खं इंजिन बदलायच्या हिशेबानेच भाव करा.

बाकीच्या कुरबुरी हलक्या आहेत. टॅपेट (कॅम आणि व्हॉल्व्हमधले भाग) वाजणं बहुतेकदा ताज्या तेलाने कमी होतं. तेल लागतं साधारण साडेतीन लिटर. हेडच्या मागच्या टोकाला असलेल्या कॅम अँगल सेन्सरची ओ-रिंग गळते. ती बदलताना सेन्सरची जागा आधी खुणेने पक्की करा, कारण इग्निशनचं टायमिंग त्याच्यावरच ठरतं. रेडिएटरची काळी प्लास्टिकची टाकी हिरवट-तपकिरी झाली असेल तर ती फुटायची वाट न पाहता बदला.

तेल, पाणी आणि क्लच

९४४च्या कूलंटच्या टाकीत कॉफीच्या रंगाचा चिखल दिसला की लोक हेड गॅस्केट गेलं म्हणून हेड खोलतात. आधी डिपस्टिक काढा. तेल स्वच्छ असेल तर संशय ऑइल कूलरच्या सीलवर घ्या: तेलाचा दाब पाण्यापेक्षा जास्त, म्हणून तेल पाण्यात जातं आणि पाणी तेलात येत नाही. सील स्वस्त आहेत, पण कूलरचं घर परत बसवताना प्रेशर रिलीफ व्हॉल्व्हसाठी अलाइनमेंटचं हत्यार वापरावं, नाहीतर व्हॉल्व्ह अडकून तेलाचा दाब बिघडतो.

क्लचसाठी ९४४मध्ये एक्झॉस्ट, मागचा गिअरबॉक्स आणि त्याला इंजिनाशी जोडणारी मधली टॉर्क ट्यूब अशी सगळी रांग हलवावी लागते. मूळ क्लच प्लेटचा मधला भाग रबरी असतो आणि तो वयाने फाटतो. स्प्रिंगची प्लेट आधीच बसवल्याची पावती विक्रेत्याकडे असेल तर त्या गाडीला थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही.

इंजिन थकलंच असेल तर

कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) गरम इंजिनावर, सगळे प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून मोजा. आकडा किती आला यापेक्षा चार सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा. तो १५ टक्क्यांच्या वर गेला तर कारण शोधल्याशिवाय व्यवहार करू नका. एमएक्स-५चा ब्लॉक बिडाचा आहे, कुठल्याही चांगल्या मशीन शॉपमध्ये बोअर करून (सिलिंडर थोडे रुंद करून) ओव्हरसाइझ पिस्टन घालता येतात. ९४४चा ब्लॉक ॲल्युमिनियम-सिलिकॉनच्या मिश्रधातूचा, त्यात वेगळा लाइनर (सिलिंडरची आतली नळी) नाही आणि बोअरच्या पृष्ठभागाला खास प्रक्रिया लागते. हे काम येणारं शॉप तुमच्या जवळ आहे का, ते गाडी घेण्याआधी विचारून ठेवा.

पहिलीच जुनी गाडी, उघडं अंगण आणि मोजकी हत्यारं असतील तर आमचं मत स्पष्टपणे एमएक्स-५, शक्यतो आठ खाचांची. ९४४ घ्यावी ती बंद गॅरेज, जवळचा जाणकार मेकॅनिक आणि बेल्ट-पंपाच्या तारीखवार पावत्या हाताशी असतील तेव्हा. पावत्या नसतील तर बेल्टचा खर्च किमतीतून वजा करा, गाडी ट्रेलरवर घरी आणा आणि बेल्ट बदलेपर्यंत चालवू नका.