मनोविकारांच्या व्याख्या पाहण्यासाठी आयसीडी-११चा ऑनलाइन ब्राउझर

मनोविकारांवरील मराठी माहितीपत्रके लिहिताना जागतिक आरोग्य संघटनेचा आयसीडी-११ या रोगवर्गीकरणाचा ब्राउझर, म्हणजे नोंदी शोधून वाचण्याचे संकेतस्थळ, मला वारंवार उघडावा लागतो, म्हणून त्याच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. तो विनामूल्य आहे आणि वाचण्यासाठी नावनोंदणी लागत नाही. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेचा डीएसएम हा मनोविकारांच्या निदानाचा ग्रंथ विकत घ्यावा लागतो, हे पाहता ही सोय मोठीच आहे. डावीकडे प्रकरणांची उतरंड आणि उजवीकडे निवडलेल्या नोंदीचे वर्णन, अशी मांडणी असल्यामुळे सहाव्या प्रकरणातील मनोविकारांपर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही.

या प्रकरणाच्या आरंभी दिलेली व्याख्या सावकाश वाचण्यासारखी आहे. विचार, भावनांचे नियमन किंवा वर्तन यांत वैद्यकीय दृष्ट्या दखल घ्यावी असा बिघाड असला पाहिजे आणि त्यामागे मानसिक, जैविक किंवा विकासाच्या प्रक्रियांतील दोष असला पाहिजे, असे ती सांगते. अशा बिघाडाबरोबर ‘सहसा’ मनस्ताप किंवा दैनंदिन कामकाजात अडचण आढळते, असेही ती म्हणते. या ‘सहसा’पाशी मी अनुवाद करताना दर वेळी अडखळतो. तो गाळला तर त्रास होत नसलेला माणूस आपोआप निरोगी ठरतो, आणि त्याच्यावर अवाजवी भर दिला तर व्याख्येला काठच उरत नाही.

ब्राउझरची खरी गुणवत्ता मला ६बी४२ या क्रमांकाच्या, दीर्घकाळ लांबलेल्या शोकाच्या नोंदीत जाणवली. तेथे किमान ६ महिन्यांची अट आहे, पण तेवढ्यावर निदान थांबत नाही. तो शोक त्या व्यक्तीच्या समाजाच्या, संस्कृतीच्या आणि धर्माच्या रूढ मर्यादेपलीकडे स्पष्टपणे गेलेला असावा लागतो. आपल्याकडे घरात मृत्यू झाला की अनेक कुटुंबे वर्षश्राद्ध होईपर्यंत सण साजरे करत नाहीत. केवळ महिने मोजले असते, तर हे शिष्टसंमत दुःखही आजाराच्या संशयात सापडले असते. डीएसएमने २०२२च्या सुधारित आवृत्तीत प्रौढांसाठी १२ महिन्यांची मर्यादा घातली आहे. एकाच दुःखाला दोन मान्यवर वर्गीकरणांत दोन मुदती आहेत, ही गोष्ट ध्यानात ठेवूनच मी त्यावरचे माहितीपत्रक लिहिले.

उणीव अशी की, आज काय मान्य आहे ते ब्राउझर दाखवतो. काल काय मान्य होते आणि मध्ये काय वगळले गेले, ते त्या नोंदीवरून कळत नाही. त्यासाठी आयसीडी-१०चा जुना ब्राउझर शेजारी उघडावा लागतो. मग दिसते की लिंगओळखीसंबंधीची नोंद पूर्वी मनोविकारांच्या प्रकरणात होती आणि आता ती लैंगिक आरोग्याच्या सतराव्या प्रकरणात आहे. न्यूरॅस्थेनिया हे सततच्या थकव्यासाठी व अशक्तपणासाठी दिले जाणारे निदान नाहीसे झाले आहे. स्किझोफ्रेनियाचे पॅरानॉइड (संशयप्रधान), कॅटॅटोनिक (हालचालींत बिघाड असलेला) असे जुने उपप्रकारही गळाले आहेत. समलैंगिकतेसाठी मात्र दोन्ही खिडक्या अपुऱ्या पडतात, कारण तिला विकार मानणारी नोंद त्याहून जुन्या आयसीडी-९मध्ये होती. अमेरिकी संघटनेने ती डिसेंबर १९७३मध्ये आपल्या यादीतून काढली, तर १७ मे १९९० रोजी मंजूर झालेल्या आयसीडी-१०मध्ये ती आली नाही.

भारतातील वाचकासाठी हे केवळ अभ्यासापुरते नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ यानुसार मानसिक आजार ठरवताना राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्तरावर मान्य वैद्यकीय मानके वापरायची असतात आणि त्यांत केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या आयसीडीच्या अद्ययावत आवृत्तीचा समावेश होतो. समाजाच्या नैतिक किंवा सांस्कृतिक मूल्यांशी न जुळणे हा आजार ठरवण्याचा आधार होऊ शकत नाही, असेही हा कायदा बजावतो. इतक्या महत्त्वाच्या मजकुराला मराठी रूप नसणे ही माझी मुख्य तक्रार आहे. वैद्यकशास्त्राचे विद्यार्थी, समुपदेशक आणि अनुवादक यांनी हा ब्राउझर अवश्य वापरावा. स्वतःचे निदान करू पाहणाऱ्याने मात्र नोंदीतले वर्णन आपल्याला लागू पडते का हे मनोविकारतज्ज्ञाकडूनच तपासून घ्यावे.