कान वाचवायचा, तर कवटी कुठून उघडायची?
मामेभावाच्या श्रवणनसेवर छोटी गाठ निघाली. कर्करोग नाही, पण काढायची ठरलीय. प्रश्न एवढाच: कानाच्या वरून की कानामागून?

ही नस कानापासून मेंदूकडे हाडातल्या एका अरुंद नळीतून जाते. गाठ त्या नळीत खोलवर असेल, तर ऐकू येणं टिकवायला वरची वाट सरस. नळीचं टोक दिसतं. मागून ते हाडाआड राहतं. मात्र वरून जाताना चेहऱ्याची नस बहुधा गाठीच्या आधी लागते, म्हणून चेहरा वाकडा होण्याची धास्ती जास्त. मागच्या वाटेत डोकेदुखी रेंगाळू शकते. हमी कुठेच नाही!

नळीतली लहान गाठ, ऐकणं चांगलं: वरची वाट. दीड सेंटिमीटरपेक्षा मोठी, मेंदूकडे सरकलेली: मागची. ऐकणं आधीच गेलेलं असेल, तर आतल्या कानातून जाणारी तिसरी वाट विचारा.